गाडीचा सातबारा : चासी नंबर कोठे पाहावा, कसा वाचावा



हंगाम संपून ऊसबिले हातात पडली की आपल्या भागात गाड्यांचे व्यवहार सुरू होतात. कोणी जुनी जीप घेतो, कोणी दुधासाठी पिकअप, कोणी पोराच्या हट्टापायी कार. जमीन घेताना आपला सभासद तलाठ्याकडे दहा खेपा घालतो, सातबारा, फेरफार, बोजा सारे पाहतो, बांधावर उभा राहून शेजाऱ्याला विचारतो. तोच माणूस चार-पाच लाखांची गाडी मात्र रंग बघून आणि टायरला लाथ मारून घेतो! ऊसविकासाचे सोडून हा विषय कशाला, असे कोणी विचारील. तोडणी-वाहतूक कराराची कागदे आमच्याच टेबलावरून जातात आणि चासी नंबरचा घोळ त्यांत निघतो, म्हणून.

आमच्या एका गटातील सभासदाने दलालामार्फत जुनी जीप घेतली. आर.सी. बुक होते, नंबर प्लेट होती, इंजिन ठणठणीत. पैसे ऊसबिलातून रोख दिले. नाव लावायला आरटीओत गाडी नेली तेव्हा तपासणीत दिसले, की चौकटीवरचा मूळ नंबर घासून त्यावर दुसरा ठोकलेला आहे. गाडी अडकली ती अडकलीच. दलालाचा फोन लागेना. नंतर त्या गृहस्थांनीच आम्हाला सांगितले, की इसार देण्यापूर्वी बोनेट तीनदा उघडले, पण नंबर कोठे असतो हे ठाऊक नसल्याने पाहिला नाही.

नंबर प्लेट दोन स्क्रूंवर असते. ती आज ही, उद्या दुसरी. चासी नंबर कारखान्यात धातूवरच ठोकलेला असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२२ प्रमाणे चासी नंबर व इंजिन नंबर असा कायमचा उठवणे कंपनीवर बंधनकारक आहे. विजेवरील गाडीला इंजिनाऐवजी मोटर नंबर असतो.

आता तो वाचायचा कसा? आपल्याला उसाच्या जातीचे नाव वाचता येते ना, मग हेही येईल. को ८६०३२ म्हटले की को म्हणजे कोईमतूर, ८६ हा वर्षाचा आकडा, ०३२ हा अनुक्रम. गाडीच्या नंबराची रीतही अशीच आहे, फक्त लांबी जास्त, एकूण १७ अक्षरे-आकडे. पूर्वी प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी होती. १९७७ साली आंतरराष्ट्रीय मानक आले आणि अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून १७ अक्षरे सक्तीची झाली. पुढे हीच पद्धत आपल्याकडेही आली.

पहिली तीन अक्षरे देश आणि कंपनी सांगतात. भारतात तयार झालेल्या गाडीचा नंबर एम या अक्षराने सुरू होतो. एम-ए-टी असेल तर टाटा, एम-ए-१ महिंद्रा, एम-ए-३ मारुती, एम-ए-एल ह्युंदाई. जपानची गाडी जे ने, जर्मनीची डब्ल्यू ने सुरू होते. तेव्हा पुढे टाटाचे चिन्ह आणि नंबराची सुरुवात एम-ए-३, असे दिसले तर तेथूनच परत फिरावे. चौथ्यापासून नवव्यापर्यंत गाडीचा प्रकार, बॉडी, इंजिन वगैरे; ते कंपनीचे खाजगी गणित, त्यात आपण पडू नये. नववी जागा अमेरिका-कॅनडात पडताळणीची असते. बाकीच्या अक्षरांवरून हिशेब करून ११ ने भागायचे, बाकी राहील ती तेथे लिहायची, बाकी १० आली तर एक्स. आपल्याकडे हे बंधन नाही. त्यामुळे मोबाईलवरच्या एखाद्या हिशेबाने आपला नंबर ‘चूक’ दाखवला तर घाबरायचे कारण नाही.

दहावी जागा महत्त्वाची, कारण तेथे बहुधा वर्ष असते. ए म्हणजे २०१०, बी २०११, असे पुढे एच २०१७, जे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३, आर २०२४. आय, ओ आणि क्यू ही अक्षरे नंबरात कोठेच येत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी घोटाळतात. कोणी आय किंवा ओ लिहून दिला असेल तर तो एक किंवा शून्य समजावा. विकणारा ‘एकोणीसचे मॉडेल’ म्हणतो आणि दहाव्या जागी जे असेल, तर गाडी अठरा सालची असून नोंदणी उशिरा झालेली असू शकते. भावात फरक पडतो! मात्र सर्वच कंपन्या वर्ष दहाव्या जागी घालतात असे धरू नये, आर.सी.वरचा उत्पादनाचा महिना व वर्ष ताडून पाहावे.

नंबर सापडायचा कोठे? कारमध्ये बोनेट उघडून इंजिनामागच्या पत्र्यावर पाहावे. तेथे नसेल तर पुढच्या सीटखाली किंवा सीटजवळ चटई उचलून पाहावे, काही गाड्यांत तेथे खाच असते. दरवाजाच्या खांबावर चिकटपट्टी असते, काही गाड्यांत पुढच्या काचेखालीही नंबर दिसतो. जीप, पिकअप, ट्रक यांना उजव्या बाजूच्या लांब चौकटीवर, बहुधा पुढच्या चाकाजवळ असतो; वाकावे लागते, चिखल पुसावा लागतो. मोटरसायकलचा हँडलखालच्या मानेवर. ट्रॅक्टरचे मात्र वेगळे. त्याचा नंबर १७ अक्षरांच्या मापात बसेलच असे नाही, जागाही कंपनीगणिक निराळी, तेव्हा पुस्तिका पाहावी. चिकटपट्टी बदलता येते, म्हणून भरवसा ठोकलेल्या नंबरावर ठेवावा.

नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल घासावी, छाप उठते. ती आर.सी.शी एकेक अक्षर बोट ठेवून जुळवावी. आकडे खालीवर आहेत, खोली कमीजास्त आहे, आजूबाजूला घासल्याच्या रेघा, वेल्डिंग किंवा तेवढाच ताजा रंग आहे, असे दिसले तर इसार देऊ नये. जुन्या गाडीवर गंज असेल तर रॉकेलचे फडके वापरावे, ग्राइंडर लावू नये. नंबर अगदीच खाल्ला गेला असेल तर आरटीओला विचारूनच पुढचे करावे. गॅरेजवाल्याने ‘ठोकून देतो की’ म्हटले तरी ऐकू नये, नाहीतर खरी गाडीही खोटी ठरायची.

कधी लबाडी नसते, नुसती लेखनिकाची चूक असते; ८ च्या जागी बी, ५ च्या जागी एस. पण विम्याचा दावा आला की तेवढ्यावरही अडते. पॉलिसी हातात आली त्याच आठवड्यात नंबर ताडावा आणि चूक दुरुस्त करून घ्यावी. चोरीच्या गाड्यांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वाहन समन्वय यंत्रणेत असते, तेथे चासी नंबरावरून शोध घेता येतो. बोजा परिवाहनच्या नोंदीत दिसतो. बँकेचे कर्ज फिटले असले तरी फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवला आहे का, हे विचारावे. २०१९ च्या महापुरात ज्यांची कागदे भिजली त्यांना आमचे सांगणे, की दोन्ही नंबर घरातल्या वहीत लिहून ठेवावेत, दुय्यम आर.सी. काढताना ते लागतात.

वाहतूक करारासाठी येताना आर.सी.च्या झेरॉक्सबरोबर पेन्सिल छापही आणावी. ट्रॉलीचा चासी नंबर ट्रॅक्टरहून निराळा असतो, तिची छाप वेगळ्या कागदावर घ्यावी आणि मागे सभासद क्रमांक लिहावा.