तपासनिसांचे मतैक्य आणि त्याची कसोटी

लोखंडी दांड्याची जाडी मोजावयाची झाल्यास मायक्रोमीटर हाती घेता येतो. परंतु मोटारीच्या ब्रेकसाठी ओतलेल्या बिडाच्या भागावरील बारीक रेघ हा निरुपद्रवी ओरखडा आहे की धोक्याची भेग, याचा निर्णय पुष्कळदा तपासनिसाच्या नजरेवर सोडावा लागतो. तेथे आकडा मिळत नाही. ‘पास’ किंवा ‘नापास’ एवढाच निवाडा मिळतो. भेग गेलेला भाग पास झाला, तर तो रस्त्यावरील गाडीत जाऊन बसतो. चांगला भाग नापास झाला, तर इंधन व श्रम वाया जातात. म्हणून या नजरेचीही परीक्षा घ्यावी लागते.

परीक्षेची रीत सोपी आहे. चांगले, सदोष व सीमारेषेवरचे असे भाग निवडतात. प्रत्येक तपासनीस ते स्वतंत्रपणे तपासतो. काही काळाने क्रम बदलून तेच भाग त्याच्यापुढे पुन्हा ठेवतात. यावरून तीन गोष्टी कळतात : तपासनिसाचा निर्णय दुसऱ्या खेपेस टिकतो काय, दोघांचे निर्णय जुळतात काय आणि ते निर्णय वस्तुस्थितीशी जुळतात काय.

समजा, दोघांनी १०० भाग तपासले. ८५ भाग दोघांनीही पास केले, ५ दोघांनीही नापास केले. आणखी ५ केवळ पहिल्याने व ५ केवळ दुसऱ्याने नापास ठरविले. मतैक्य शेकडा ९० झाले. हा आकडा समाधानकारक वाटतो. पण त्यात एक फसगत आहे. दोघांनी भागांकडे न पाहता शंभरातील कोणतेही दहा नापास केले असते, तरी दोघांचे ‘पास’ जुळण्याचा संभव ०.९० × ०.९० म्हणजे ०.८१ आणि ‘नापास’ जुळण्याचा ०.१० × ०.१० म्हणजे ०.०१ आहे. तेव्हा शेकडा ८२ मतैक्य निव्वळ योगायोगानेही घडते. उरलेल्या १८ पैकी केवळ ८ एवढीच खरी कमाई होय.

८ ला १८ ने भागिले असता ०.४४ येतात. जेकब कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० साली मांडलेला ‘कॅपा’ हा गुणांक तो हाच. पूर्ण मतैक्य असल्यास तो १, योगायोगाइतकेच असल्यास ० येतो. मोटार उद्योगातील प्रचलित संकेतानुसार ०.७५ हून अधिक कॅपा चांगला, तर ०.४० हून कमी असमाधानकारक मानतात. परीक्षेत सदोष भाग फारच थोडे असतील, तर मात्र या गुणांकावर विसंबता येत नाही.

शिवाय मतैक्य म्हणजे सत्य नव्हे. एकच भेग दोघांच्याही नजरेतून निसटू शकते. यासाठी क्ष-किरणांनी किंवा भाग कापून खरी स्थिती निश्चित करतात आणि सदोष भाग पास होणे व चांगला भाग नापास होणे या दोन चुका वेगवेगळ्या मोजतात. कारण दोहोंची किंमत सारखी नसते.

मतभेद आढळला म्हणजे तपासनीस दोषी, असे समजणे योग्य नव्हे. पुष्कळदा ‘भेग’ कशास म्हणावे हेच स्पष्ट ठरलेले नसते, प्रकाश अपुरा असतो किंवा डोळे थकलेले असतात. सीमारेषेवरचे नमुने समोर ठेवणे, पुरेसा उजेड आणि मधूनमधून विश्रांती एवढ्यानेही निर्णय सुधारतात. ते खरोखर सुधारले की नाही, हे मात्र पुन्हा परीक्षा घेऊनच ठरवावे लागते.