हंसांच्या मागावरील वाटाड्या

मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास बेंबळीच्या शिवारात शाळू पोटरीस येतो, हरभरा फुलावर असतो, आणि धाराशिव जिल्ह्यातील लहानमोठ्या तलावांचे पाणी हळूहळू ओसरून काठची ओली जमीन उघडी पडू लागते. नेमक्या याच दिवसांत हिमालयापलीकडचे पाहुणे दख्खनच्या जलाशयांवर उतरलेले असतात. त्यांत बदके पुष्कळ. परंतु ज्याच्या दर्शनासाठी शहरातील हौशी माणसे थंडीत पहाटे उठतात, तो पक्षी म्हणजे पट्टकादंब. अंग राखी, डोके पांढरे, डोक्याच्या मागच्या बाजूस दोन काळे आडवे पट्टे, पाय व चोच नारिंगी-पिवळी. लोक त्याला सरसकट राजहंस म्हणतात. कवींचा राजहंस पाण्यातून दूध वेगळे काढतो. हा बिचारा गवत आणि हरभऱ्याचा कोवळा पाला खाऊन राहतो. तरीही त्याचे उड्डाण ज्यांनी एकदा पाहिले, त्यांनी त्याला हंस म्हणावयास हरकत घेऊ नये.

शहरातील मंडळी दुर्बीण आणि चित्रांचे पुस्तक घेऊन तलावावर जातात, आणि बहुधा दूर पाण्यावर काही काळे ठिपके पाहून परत येतात. अधिक उत्साही मंडळी तेवढ्यावर समाधान न मानता पुढे सरसावतात. मग ठिपकेही उडून जातात. दोन्ही वेळी उणीव एकच असते. बरोबर माहितगार माणूस घेतलेला नसतो.

वाटाड्या म्हणजे वाट दाखविणारा एवढाच अर्थ घेतला, तर या कामी त्याची गरज उरत नाही. तलाव कोठे आहे ते नकाशा सांगतो. ज्यासाठी त्याला पैसे द्यावयाचे, ती गोष्ट निराळी आहे. पक्षी रात्री कोणत्या शेतात चरले, उजाडताना कोणत्या बाजूने पाण्यावर येतील, दुपारी कोणत्या उंचवट्यावर विसावतील, आणि मुख्य म्हणजे माणसाने किती पावलांवर थांबावे, हे त्याला ठाऊक असते. यांतील शेवटचे ज्ञान सर्वांत मोलाचे. पट्टकादंबांचा थवा चरत असला तरी त्यातील काही पक्षी माना ताठ करून पहाऱ्यावर असतात. पहारेकऱ्यांच्या माना अधूनमधून वर आणि बाकीच्यांच्या खाली असतील, तोवर ठीक. साऱ्या माना एकदम वर झाल्या की अंतर संपले. त्यापुढचे प्रत्येक पाऊल थवा उडविणारे असते. जाणता वाटाड्या त्याच्याही आधी थांबतो. तो टिटवीच्या ओरडण्यावरून समजून घेतो की पलीकडच्या काठाने कोणी तरी येत आहे, आणि बरोबरच्या मंडळींस खाली बसवितो.

थवा एकदा उडाला तर काय बिघडले, असे पुष्कळांस वाटते. याचे उत्तर पक्ष्याच्या प्रवासात आहे. पट्टकादंब तिबेट, लडाख, मंगोलिया या उंच व थंड मुलखांत अंडी घालतो आणि हिवाळ्यासाठी भारतात येतो. संशोधकांनी या पक्ष्यांवर यंत्रे बसवून त्यांचा माग काढला, तेव्हा हिमालय ओलांडताना एका पक्ष्याने ७,२९० मीटर उंची गाठल्याची नोंद झाली. तेथे हवा इतकी विरळ असते की सपाटीवरचा माणूस चार पावले चालला तरी धापा टाकील. या पक्ष्याच्या रक्तातील तांबडे द्रव्य प्राणवायू अधिक घट्ट धरते, फुप्फुसे मोठी असतात, आणि तो वाऱ्यावर तरंगत न जाता सतत पंख मारीत जातो. अशा प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगातली चरबी. ती हिवाळ्यात दख्खनच्या शेतांतून आणि गाळपेरीच्या पिकांतून गोळा व्हावयाची असते. दिवसातून चार वेळा थवा उठविला तर चरणे कमी व उडणे जास्त होते, आणि त्याचा हिशेब मार्च महिन्यात द्यावा लागतो. म्हणून जो वाटाड्या ‘साहेब, उडवून दाखवितो, छायाचित्र छान येईल,’ असे आपण होऊन म्हणतो, त्याला तेथल्या तेथे नमस्कार करावा.

हे ज्ञान पक्षिनिरीक्षकांसाठी निर्माण झाले नाही. ते बंदुकीसाठी जमले. बेंबळीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सलीम अली यांनी १९३१ साली हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी सुरू केली, तेव्हा बंदूक हेच पक्षिशास्त्राचेही साधन होते. संस्थानिक, अंमलदार, जमीनदार हे थंडीत तलावांवर हंस-बदकांच्या शिकारीस जात, आणि प्रत्येक शिकारीच्या पुढे गावचा एखादा माणूस अंधारात चालत असे. पक्ष्यांची येण्याजाण्याची वाट हेरणे, त्या वाटेखाली बंदूकवाल्यास बसविणे, पडलेला पक्षी छातीभर थंड पाण्यात शिरून आणणे, ही सारी कामे त्याची. मोबदला म्हणजे बक्षिसी, आणि बक्षिसी म्हणजे देणाऱ्याची मर्जी.

या कामात महाराष्ट्रात पारध्यांइतके निष्णात कोणी नव्हते. फासेपारधी हे नावच फाशावरून पडले. शिकविलेल्या बैलाच्या आडोशाने हरणांच्या कळपाजवळ जाण्याची त्यांची कला जुन्या ग्रंथांत वर्णिलेली आहे. म्हणजे प्राण्यास न कळता अंतर कमी करण्याची विद्या त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजी अमलात अशा अनेक जमातींवर जन्मापासून गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का मात्र लोकांच्या मनातून अजून पुरता पुसला गेलेला नाही. शिकारीस नेताना ज्याच्या डोळ्यांवर विश्वास टाकावयाचा, त्यालाच एरवी गावाबाहेर ठेवावयाचे, हा व्यवहार त्या काळच्या प्रतिष्ठितांस विसंगत वाटला नाही, ही नवलाची गोष्ट आहे.

भरतपूरच्या केवलादेव तलावावर एक शिळा उभी आहे. तेथे झालेल्या शिकारींच्या तारखा, मोठ्या पाहुण्यांची नावे आणि मारलेल्या पक्ष्यांची संख्या तीवर कोरलेली आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेळाव्याने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. हाकाऱ्यांची आणि पाण्यात शिरून पक्षी गोळा करणाऱ्यांची नावे कोरण्याची पद्धत नव्हती.

आता एक उलट चित्र पाहण्यासारखे आहे, कारण त्यावरून वाटाड्याच्या धंद्याचे मर्म अधिक उघड होते. उत्तर अमेरिकेत हिमहंस नावाचा पक्षी आहे. सर्वांग पांढरे, फक्त पंखांची टोके काळी. तो उन्हाळ्यात कॅनडाच्या उत्तर टोकाकडील बर्फाळ प्रदेशात अंडी घालतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे येतो. पूर्वी त्याला हिवाळ्यात समुद्रकाठच्या दलदलीतील चाऱ्यावर भागवावे लागे. पुढे अमेरिकेत भात व मका यांची अफाट शेती झाली. कापणीनंतर शेतात सांडलेले धान्य त्याला आयते मिळू लागले. उपासमार टळली, आणि काही दशकांत संख्या कित्येक पटींनी वाढली. याचा परिणाम हजारो मैलांवर हडसन उपसागराच्या काठी दिसला. हे पक्षी गवत वरवर खुडीत नाहीत, मुळासकट उपटतात. जमीन उघडी पडली की उन्हाने ओलावा उडून क्षार वर येतात, आणि अशा खारट झालेल्या मातीत पुन्हा काही उगवणे कठीण होते. पक्ष्यांनी स्वतःचीच पाळणाघरे उजाड केली, आणि त्यांच्याबरोबर इतर पक्ष्यांचीही.

तेव्हा १९९९ साली अमेरिकेच्या सरकारने निराळाच मार्ग धरला. वसंत ऋतूत हिमहंस मारावयास खास मुभा दिली. रोजच्या संख्येची मर्यादा काढली आणि पक्ष्यांचे आवाज यंत्राने वाजविण्याची एरवी असलेली बंदी या पक्ष्यापुरती शिथिल केली. एवढी मोकळीक दिल्यावर शिकाऱ्यांस वाटाड्याची जरूर ती काय, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात आर्कान्सॉ, मिझूरी या राज्यांत दिवसाच्या ठरावावर वाटाडे घेण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. कारण हिमहंस दीर्घायुषी व मोठ्या थव्याने राहणारा पक्षी आहे. अनेक हंगाम पाहिलेले म्हातारे पक्षी थव्याच्या पुढे असतात, आणि ते फसत नाहीत. वाटाड्या आदल्या दिवशी मोटारीने मैलोगणती हिंडून थवे कोणत्या शेतात उतरतात ते हेरतो, शेतकऱ्याकडून त्या शेताची परवानगी मिळवितो, आणि रात्रीच्या अखेरीस तेथे शेकडो, कधी हजाराहून अधिक, बनावट पांढरे हंस मांडतो. ते वाऱ्याच्या दिशेचा विचार करून मांडावे लागतात, कारण पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतो. बनावट हंसांच्या मध्ये शिकारी पांढरी वस्त्रे घालून निजून राहतात. इतकी सारी खटपट करूनही वरचा थवा घिरट्या घालून निघून गेला, असे अनेकदा घडते. ज्याला धंद्याची अब्रू राखावयाची आहे तो वाटाड्या पैसे घेण्यापूर्वी ही गोष्ट स्पष्ट सांगतो; जो संख्येची हमी देतो, त्याच्यापासून तेथील अनुभवी शिकारी दूर राहतात.

अमेरिकेतील हे उदाहरण ऐकून आपल्याकडे कोणी बंदुकीची स्वप्ने पाहू नयेत. तेथे संख्या फार झाली म्हणून कायद्यानेच दार उघडले. येथे दार बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीच्या परवान्यांची वाटही बंद झाली. त्या कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थ व्यापक आहे. मारणे तर आहेच, परंतु फासे लावणे, सापळ्यात धरणे, त्यासाठी हाकणे, आमिष दाखविणे, आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हेही त्यात येते. गुन्ह्यास साहाय्य करणारासही कायदा दोषी धरतो. शहरातील एखाद्याने गावच्या गरीब माणसाच्या हातावर पैसे ठेवून ‘एखादा हंस मिळेल का?’ असे विचारणे ही थट्टा नव्हे. पकडला गेलाच तर तलावाकाठी फासे घेऊन बसलेला माणूस पकडला जातो. मागणी करणारा घरी सुखरूप असतो. ज्याच्याजवळ विद्या आहे आणि दुसरे उत्पन्न नाही, त्याच्यापुढे असा मोह टाकण्यात पाहुण्याची थोरवी कोणती?

त्याच विद्येला सरळ मार्गाने पैसे मिळू शकतात, हे दोन ठिकाणी सिद्ध झाले आहे. भरतपूरचा तोच तलाव पुढे राष्ट्रीय उद्यान झाला, आणि तेथील सायकल-रिक्षा ओढणारे पक्ष्यांची नावे, सवयी, घरटी सांगत पाहुण्यांस हिंडवू लागले. दुसरे उदाहरण घरचे आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्यालगत भिगवणजवळच्या कुंभारगाव व डिकसळ येथील मच्छीमार आपल्या होड्यांतून लोकांस रोहित, पट्टकादंब, चक्रवाक दाखवितात. जाळे टाकण्यासाठी पाण्याचा तळ, वारा आणि चिखल त्यांना ठाऊक होताच. पक्षी कोठे बसतात हे त्याच्याबरोबर आपोआप आले. धाराशिवकरांस भिगवण काही फार दूर नाही. माकणीच्या निम्न तेरणा धरणासारख्या जवळच्या जलाशयांवरही मच्छीमार व गुराखी आहेत. त्यांच्याकडे चौकशी केल्यास दुर्बिणीपेक्षा अधिक दिसते.

अशा माणसास कामावर घेताना काही गोष्टी अगोदर ठराव्यात. मेहनताना किती, किती माणसांमागे, होडीचा निराळा की त्यातच, हे आदल्या दिवशी बोलून घ्यावे. काठावर उभे राहून घासाघीस केल्याने दोघांचीही पहाट वाया जाते. मेहनताना त्याच्या वेळेचा असतो, पक्ष्यांचा नव्हे. पक्षी दिसले नाहीत म्हणून रक्कम कापणे म्हणजे त्याला दुसऱ्या दिवशी थवा उठविण्याचे शिक्षण देणे होय. निघण्याची वेळ त्याने सांगावी आणि ती पाळावी. तो सूर्य पाठीशी राहील अशा बाजूने नेईल, आणि त्यासाठी लांबचा वळसा घालावा लागला तर कुरकुर करू नये. वाटेत उभे पीक असते. बांध सोडून शाळूत शिरल्यास पाहुणे निघून जातात आणि शेतकऱ्याचे बोलणे वाटाड्याला खावे लागते. कपडे मातकट रंगाचे असावेत, मुलांस अगोदर समज द्यावी, आणि होडीत उभे राहू नये.

त्याची पारख करावयाची असेल तर एकच प्रश्न पुरे: ‘किती जवळ जाता येईल?’ जो हाताने पाण्यावरचे अंतर मापून ‘पक्षी ठरवितील’ असे काहीसे सांगतो, त्याच्याबरोबर जावे. त्याला पुस्तकी नावे ठाऊक नसतील. हळदी-कुंकू, अडई, थापट्या अशी नावे तो सांगेल, आणि ती पुस्तकाच्या समासात लिहून ठेवण्यासारखी असतात.

मार्च उजाडला की पट्टकादंबांचे थवे कमी होऊ लागतात. त्या सुमारास मच्छीमार होडीतील बसण्याच्या फळ्या काढून जाळी भरतात, आणि पुढील कार्तिकापर्यंत हंसांविषयी त्यांना कोणी विचारीत नाही. ज्यांनी हिवाळ्यात त्यांचे नाव व गाव लिहून घेतले असेल, त्यांनी दिवाळीच्या आसपास एक निरोप धाडावा. पहिला थवा कोणत्या रात्री उतरला, ते त्या माणसास आधी कळलेले असते.