नाखुदाची मशीद, लेकींची घरं

कालिकतची, म्हणजे आजच्या कोळिकोडची गोष्ट शाळेच्या पुस्तकात 1498 साली वास्को द गामापाशी सुरू होते. त्याच्या दीडशे वर्षं आधी इब्न बतूता इथे उतरला, तेव्हा बंदरात 13 चिनी जहाजं उभी होती. चीन, येमेन, इराणशी व्यापार करणाऱ्या मिस्काल नावाच्या गडगंज नाखुदाची, म्हणजे जहाजमालकाची, नोंदही त्यानेच केली. कुट्टिचिरा मोहल्ल्यातल्या तळ्याशेजारची मशीद आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

हिला घुमट नाही, मिनार नाही. चार मजले, वर उतरती कौलारू छपरं, खाली 24 कोरीव खांब, सगळे मिळून 47 दरवाजे. केरळातली जुनी देवळं ज्या सुतारकामाने उभी राहिली, तेच इथेही दिसतं. मलबारच्या पावसापुढे बांधणाऱ्याचा धर्म फारसा चालत नसावा.

जानेवारी 1510 मध्ये अल्बुकर्क आणि मार्शल कुतिन्यो या पोर्तुगीजांनी शहरावर चाल केली. सामुरीच्या, म्हणजे कालिकतच्या राजाच्या, वाड्याची लूट कुतिन्योच्या जिवावर बेतली, अल्बुकर्क जखमी होऊन गलबतावर परतला. त्या हल्ल्यात मशीद जळाली. याच वर्षी अल्बुकर्कने गोवा घेतलं, म्हणून आपल्याला त्याचं नाव ठाऊक. पुढे 1571 मध्ये सामुरीने चालियमचा पोर्तुगीज किल्ला पाडला. कालिकतच्या काझी मुहम्मदने त्यावर ‘फत्हुल मुबीन’ हे अरबी काव्य रचलं आणि त्यात या हिंदू राजाची थोरवी गायली. त्या किल्ल्याचं लाकूड मशिदीच्या दुरुस्तीला आलं, असं मोहल्ल्यात सांगतात.

अशा हकिकतींवर सलोख्याची भाषणं छान होतात. मला त्यांत हिशेबाचा भाग मोठा वाटतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. सामुरीचा खजिना बंदराच्या जकातीवर भरायचा. जहाजं मुसलमानांची, मिरी सामुरीच्या मुलखातून येणारी. बंदराचा कारभार पाहणाऱ्या शाहबंदर कोयाला तिरुनावायाच्या मामांकम उत्सवात सामुरीच्या शेजारी उभं राहण्याचा मान होता. जवळच्या मुच्चुंडी मशिदीत तेराव्या शतकातला द्वैभाषिक शिलालेख आहे. त्यातल्या अरबी मजकुरात गुलामीतून सुटलेल्या एका माणसाने स्वतःच्या पैशाने मशीद उभारल्याचं येतं. वट्टेळुत्तु लिपीतल्या मजकुरात राजाने तिच्या खर्चाची तजवीज केल्याचं.

पण नुसती मशीद पाहून कुट्टिचिरा कळत नाही. तिच्याभोवतीची ‘तरवाड’ घरं पाहायला हवीत. इथले कोया मुसलमान आपल्या कोकणी मुसलमानांसारखेच शाफई पंथाचे, तेही समुद्रावरच्या व्यापारात मुरलेले. घराची रीत मात्र निराळी: लग्नानंतर मुलगी आईच्याच घरी राहते. तिला तिथे ‘अरा’ म्हणजे स्वतंत्र खोली मिळते आणि जावई, ‘पुदियाप्पिळा’, रात्री मुक्कामाला येतो. दिवसा त्याचा वावर आपल्या आईच्या घरी किंवा पेढीवर. एकेका तरवाडात आजी, तिच्या लेकी, नाती अशी पन्नास-साठ माणसं सहज नांदत.

मलबारच्या नायरांत, खुद्द सामुरीच्या घराण्यातही वारसा आईकडूनच चाले. त्यात नाखुदा महिनोन्‌महिने दर्यावर. अशा वेळी घर बाईच्या हाती असणंच सोयीचं होतं. शरियतमध्ये वारसा वेगळा सांगितला आहे, हे लोकांना ठाऊक नव्हतं असं नाही. रीत आणि कायदा दोन्ही सांभाळत शतकं गेली. 1939 मध्ये मद्रास सरकारने मापिळ्यांच्या, म्हणजे मलबारी मुसलमानांच्या, मातृवंशीय मालमत्तेसाठी कायदा केला, तरवाडांच्या वाटण्यांना वाट मिळाली.

जावयाचा पाहुणचार हा इथल्या पाककलेचा खरा आखाडा. त्यात ‘मुट्टमाला’ असते, अंड्याचा बलक उकळत्या पाकात धारेने सोडून केलेली गोड तारांची माळ. पोर्तुगालातही थेट हाच पदार्थ करतात. कुणी कुणाकडून उचलला यावर वाद घालण्यापेक्षा बशी पुढे ओढलेली बरी.

बरीच तरवाडं आता पाडली गेली, काहींच्या जागी छोटी घरं आली. नमाजासाठी पुरुष तळ्याकाठच्या मशिदीत जमतात आणि नंतर तिथल्या बाकांवर गप्पा रंगतात. पुदियाप्पिळा मात्र अजूनही कित्येक घरांत बायकोच्या माहेरीच मुक्कामाला जातो.