आकृती आणि तिच्यामागील यादी

उत्तर भारतात बसावयास वापरतात तो काड्यांचा मुढा पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातील प्रत्येक काडी सरळ असते. तरीही मुढ्याची कंबर डमरूसारखी बारीक दिसते. याचे रहस्य काडीत नाही. खालच्या कड्यावरील कोणते स्थान वरच्या कड्यावरील कोणत्या स्थानाशी जोडले, यात ते आहे. रशियन अभियंता व्लादिमीर शुखोव्ह याने १८९६ साली निझ्नी नोव्हगोरोद येथील प्रदर्शनात याच तत्त्वावर सरळ पोलादी पट्ट्यांचा मनोरा उभारला होता.

असे आकार आज वास्तुशिल्पी बहुधा संगणकावर रचतात. 'ग्रासहॉपर', म्हणजे नाकतोडा, अशा काहीशा विनोदी नावाचे एक साधन डेव्हिड रटन याने तयार केले व ते २००७ साली 'रायनोसेरॉस' या रेखनाच्या आज्ञावलीला जोड म्हणून प्रथम उपलब्ध झाले. यात रेषा हाताने ओढावयाची नसते. पडद्यावर लहान लहान चौकटी मांडून त्या तारांनी जोडावयाच्या. एक चौकट वर्तुळ काढते, दुसरी त्याचे भाग पाडते, तिसरी बिंदूंना रेषांनी जोडते. त्रिज्येचा आकडा बदलला की तिच्यावर अवलंबून असलेले सारे आपोआप बदलते.

आता ३ मीटर त्रिज्येची दोन वर्तुळे एकमेकांवर ६ मीटर अंतराने ठेवू व प्रत्येकावर २४ समान अंतराचे बिंदू घेऊ. यंत्राच्या दृष्टीने या दोन याद्या होत, आणि त्यांची मोजणी १ पासून नव्हे, ० पासून सुरू होते. समान क्रमांकाचे बिंदू जोडले तर २४ उभ्या रेषांचा नळा मिळतो. वरची यादी ८ स्थानांनी सरकवावी, की तोच नळा मुढा होतो. कमरेची त्रिज्या बरोबर दीड मीटर उरते आणि प्रत्येक रेषा ६ ऐवजी सुमारे ७.९४ मीटर लांब होते. १२ स्थानांनी सरकविली तर सर्व रेषा मध्यभागी एकाच बिंदूतून जातात. भूमितीचे एकही सूत्र बदललेले नाही. बदलला तो केवळ क्रम.

नवशिक्याची फसगत बहुधा येथेच होते. समजा, वरच्या वर्तुळावर चुकून २०च बिंदू पडले. आखूड यादी संपली की यंत्र तिचा शेवटचा बिंदूच पुन्हा पुन्हा वापरते. परिणामी अखेरच्या पाच रेषा पंख्याच्या काड्यांप्रमाणे एकाच ठिकाणी मिळतात. यंत्राला यात काही वावगे वाटत नाही. गंभीर दोष असता तर चौकट लाल झाली असती. येथे ती शांतपणे राखाडीच राहते.

याद्यांचीही मांडणी असते. पाच मजल्यांवर प्रत्येकी २४ बिंदू असतील तर ते झाडाच्या पाच फांद्यांवर ठेवता येतात, व प्रत्येक फांदीतून एक अशी पाच कडी तयार होतात. फांद्या मोडून सारे 'सपाट' केले, तर १२० बिंदूंची एकच यादी होते आणि पाच कड्यांऐवजी मजल्यांमागून मजले ओलांडणारी एकच लांब रेषा पदरी पडते. उलट क्रियेला तेथे 'कलम करणे' असेच नाव आहे. तीत प्रत्येक बिंदूला स्वतंत्र फांदी मिळते. आपल्या दोन वर्तुळांपैकी एकाच यादीचे असे कलम केले, तर प्रत्येक खालचा बिंदू प्रत्येक वरच्या बिंदूशी जोडला जाऊन २४ रेषांच्या जागी ५७६ रेषांचे जाळे उभे राहते. हे निदान डोळ्यांत तरी भरते. पंख्याची चूक मात्र मोठ्या रचनेत सहज लपते, आणि त्याच रेषांवरून कारखान्यात नळ्या कापल्या गेल्यास त्या वाया जातात.

म्हणून जाणकार आकृतीकडे पाहण्याआधी तारेकडे पाहतो. एकच वस्तू वाहणारी तार एकेरी, यादी वाहणारी दुहेरी, व फांद्यांचे झाड वाहणारी तुटक काढलेली असते. त्यानंतर तो रेषांची लांबी एका चौकटीत छापून घेतो. आपल्या मुढ्यात चोवीसही वेळा ७.९४ हाच आकडा यावयास हवा. पंख्याची चूक झाली असेल, तर या स्तंभात निरनिराळे आकडे उमटतात.