ग्रहणाचा खड्डा आणि आजाराचे कारण

२६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी सूर्यग्रहण होते. त्या दिवशी कलबुर्गी शहराजवळच्या ताजसुलतानपूर गावात काही आईबापांनी आपल्या अपंग मुलांना खड्ड्यात बसवून गळ्यापर्यंत माती लोटली. ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत अंग मातीत राहिले म्हणजे अपंगत्व जाते, अशी त्यांची समजूत होती. ही बातमी छायाचित्रांसह देशभर छापून आली आणि शहरातल्या शहाण्या लोकांनी एका शब्दात निकाल दिला: अडाणी!

ख्रिस्तबांधवांनो, हा निकाल आम्हाला घाईचा वाटतो. खड्डा चुकीचा होता यात शंका नाही. तो धोक्याचाही होता. ओल्या मातीचा भार छातीवर पडला की श्वास घेणे कठीण होते, आणि ज्या मुलाला बोलता येत नाही ते हे सांगणार कसे? परंतु ते आईबाप मुलाला टाकून देत नव्हते. त्यांना मूल बरे व्हायला हवे होते. माया असूनही माणूस खड्ड्यापर्यंत का पोहोचतो, हे समजून घेतल्याखेरीज खड्डा बुजणार नाही.

आजार आणि समाजाच्या रीतीभाती यांचा संबंध तपासणारे एक शास्त्र आहे. त्याला वैद्यकीय मानवशास्त्र म्हणतात. त्याचा पाया घालणाऱ्यांत रिव्हर्स नावाचे इंग्रज डॉक्टर होते. १९०१-०२ मध्ये ते आपल्याच दक्षिणेतील निलगिरी डोंगरात तोडा लोकांमध्ये राहिले. पुढे १९१५ व १९१६ साली लंडनच्या डॉक्टरांपुढे व्याख्याने देताना त्यांनी एक मोलाची गोष्ट सांगितली. माणूस कोणता उपचार करतो हे तो आजाराचे कारण काय मानतो यावरून ठरते. कारण चुकीचे धरले, तरी त्यापुढचा विचार सरळच असतो.

आपल्या भाषेतच याचा पुरावा आहे. ज्या रोगाने घरेच्या घरे ओस पडली त्याला आपण ‘देवी’ हे नाव दिले. रोग म्हणजे देवीचे येणे, मग उपाय म्हणजे तिची शांती. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला आणि १९८० साली सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. हे लसीने झाले. परंतु गावोगावी लस टोचणाऱ्यांना आधी लोकांच्या मनातील देवीची भीती ओळखावी लागली.

आता ग्रहणाचे पाहा. पोटुशी बाईने ग्रहणात विळी हातात धरली, काही चिरले, तर मूल व्यंग घेऊन जन्मते, असे आपल्याकडे घरोघर सांगतात. ज्या ग्रहणाने बिघडले असे मानले, त्याच ग्रहणाकडून ते दुरुस्त होईल असे कोणाला वाटले तर नवल नाही. पण या समजुतीचा सर्वांत मोठा घाव मुलाच्याही आधी आईवर पडतो. ‘तू ग्रहण पाळले नाहीस’ एवढे एक वाक्य सुनेला जन्मभर ऐकावे लागते. ते आपल्या ख्रिस्ती घरांतही ऐकू येते, हे आपण नाकारू नये.

अमेरिकेतील डॉक्टर आर्थर क्लाइनमन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस रोग आणि आजारपण यांत भेद दाखवला. रोग शरीरात असतो. आजारपण साऱ्या घरात असते: त्यात भीती असते, कर्ज असते, शेजाऱ्यांचे बोलणे असते. डॉक्टर रोगाचे नाव सांगून चिठ्ठी लिहून देतो. ‘माझ्याच लेकराला का?’ हा आईचा प्रश्न तसाच उरतो. त्याला जो उत्तर देईल त्याच्या मागे ती जाते. म्हणून डॉक्टरांनी रोग्यालाच विचारावे, असे क्लाइनमन म्हणतात: तुम्हाला हे कशामुळे झाले असे वाटते? तेव्हाच का झाले? तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते?

मग खरी कारणे कोणती? शेतात तूर उभ्याने वाळू लागली की जाणता शेतकरी झाड उपटून, बुंधा चिरून पाहतो. आत काळसर रेघा दिसल्या की मर रोग ओळखतो. जमिनीतल्या बुरशीने तो होतो हे त्याला ठाऊक असते. मुलाच्या बाबतीतही असेच मुळापर्यंत गेले पाहिजे. बाळंतपण अडले व बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, बाळ दिवस भरण्याआधी जन्मले, जन्मल्यावर कावीळ फार वाढली व उपचार झाला नाही, किंवा मेंदूज्वर झाला, तर हातपाय ताठर किंवा लुळे राहू शकतात. या विकाराला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. कित्येकदा नेमके कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. ग्रहणाचा मात्र यात काहीही संबंध नाही.

एका कारणात आपली रीतही गुंतलेली आहे. आपल्या सीमाभागात मामा-भाचीचे, मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्न घरचे म्हणून चांगले मानतात. शेत घरात राहते, सून ओळखीची असते. परंतु एकाच रक्तातल्या दोघांकडे एकच लपलेला दोष असण्याचा संभव अधिक असतो, आणि तो दोन्हीकडून आला की मुलात प्रकट होतो. प्रत्येक अशा जोडप्याचे मूल व्यंग घेऊनच येते असे नव्हे, पण धोका वाढतो. ख्रिस्तसभेच्या १९८३ सालच्या कायदेसंहितेतील १०९१वे कलम अशा जवळच्या नात्यातील विवाहास अडथळा मानते. सूट मागण्यासाठी धर्मगुरूंकडे येण्याआधी आईबापांनी याचा विचार करावा.

आणि ‘माझ्याच लेकराला का?’ या प्रश्नाचे काय? योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हाच प्रश्न केला: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशूने दोघांनाही दोषातून मोकळे केले. आमच्या मते आईच्या मनावरचे ओझे उतरवणारे याहून मोठे औषध नाही. पण प्रभू तेथेच थांबला नाही. त्याने त्या माणसाला बरे केले. म्हणून प्रार्थना करून घरी बसणे पुरेसे नाही. आशीर्वादाचे पाणी किंवा गळ्यातील पदक यांच्याकडे ताईत म्हणून पाहणे हाही एक खड्डाच आहे. बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्य आणि औषध ही देवाचीच देणगी मानतो.

करायचे काय ते सांगतो. बाळ चार महिन्यांचे होऊनही मान धरत नसेल, नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षानंतरही चालत नसेल, आवाजाकडे वळत नसेल, अंग फार ताठ किंवा फार सैल वाटत असेल, तर वाट पाहू नका. अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना दाखवा. २०१३ सालापासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते व तेथून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले जाते. सेरेब्रल पाल्सी समूळ बरी होत नाही हे खरे. पण व्यायामोपचार जितका लवकर सुरू होईल तितके मूल अधिक सावरते. अशा मुलाला आडवे झोपवून भरवू नये, घास श्वासनळीत जातो. बसते धरून थोडे थोडे भरवावे. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांना शिक्षणाचे व सवलतींचे हक्क आहेत. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून घ्यावे.

पुढे २ ऑगस्ट २०२७ रोजी सूर्यग्रहण आहे. आपल्या भागात ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल. त्याआधी गावात कोणी खड्ड्याची गोष्ट काढली, तर हसू नका, भांडू नका. त्या घरी जा, चटईवर बसा आणि आधी विचारा: लेकराला काय होते? तुम्हाला काय वाटते? आईला तिचे सगळे सांगू द्या. मग तिचा काही दोष नाही हे तिला स्पष्ट सांगा आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर दवाखान्यात जा. तेथे आपल्या घरातला एक माणूस दिवसभर तिच्याशेजारी बसून राहिला, तर तिला खड्ड्याकडे वळण्याचे कारण उरणार नाही.