संत्र्याच्या मुलखातून सायकलने: नागपूर ते अचलपूर

लेखमाला: सायकलची वाट – लेखांक ७

मागील लेखांकात आपण फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या काठाने गेलो. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, दर काही मैलांवर जुना वाडा किंवा चर्च असलेले गाव, आणि हातात नकाशा घेऊन आपापल्या गतीने जाणारा सायकलस्वार. सोबत ना वाटाड्या, ना गट, ना कुणाची शिट्टी. मुक्काम आधी ठरवलेला असतो, रस्ता माहीत असतो, बाकी दिवस आपला. तो लेख वाचून अनेकांच्या मनात प्रश्न आला असेल की असे काही आपल्याकडे, विदर्भात, करता येईल का? वाइन म्हटले की आपण नाशिककडे बोट दाखवतो, आणि तिथल्या द्राक्षपट्ट्यावर या लेखमालेत स्वतंत्र लेख येणारच आहे. पण नागपूरकराला इतके लांब जाण्याची गरज नाही. त्याच्या दारापासून एक सलग बागायती मुलूख सुरू होतो आणि सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत पोहोचतो. तो संत्र्याचा मुलूख आहे.

अशा सफरीला तीन गोष्टी लागतात. सारा प्रदेश एकाच पिकाने बांधलेला असावा, म्हणजे जाताना त्या पिकाची शेती, बाजार, माणसे हळूहळू उलगडत जातात. जुनी गावे एका दिवसाच्या सायकलीच्या अंतरावर असावीत. आणि मोठा महामार्ग टाळून जाणारे रस्ते असावेत. नागपूर–काटोल–वरूड–मोर्शी–अचलपूर या वाटेवर तिन्ही गोष्टी आहेत. एकूण अंतर दोनशे दहा किलोमीटरच्या आसपास. चार दिवसांत आरामात होते. थोडाफार सराव असलेल्या माणसाला चढही फारसा जाणवत नाही, कारण अचलपूरपर्यंतचा रस्ता बहुतेक सपाट किंवा सौम्य चढउताराचा आहे.

आधी बहराचे गणित

निघायचे कधी, हे कॅलेंडर नाही, संत्र्याचे झाड ठरवते. झाड मनाला येईल तेव्हा फुलत नाही. शेतकरी त्याला ‘ताण’ देतो. म्हणजे ठरावीक काळ पाणी तोडतो. झाडाची वाढ थांबते, पाने मलूल होतात, आणि मग पाणी मिळताच ते फुलोऱ्यावर येते. हिवाळ्यात ताण देऊन जानेवारी–फेब्रुवारीत फुलवतात तो आंबिया बहर. त्याची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उतरतात. मे महिन्याच्या उन्हात ताण बसून मृगाच्या पावसाने फुलतो तो मृग बहर. त्याची फळे फेब्रुवारी–मार्चमध्ये हाती येतात.

सायकलस्वारासाठी यातून दोन ऋतू निघतात. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर हा तोडणीचा काळ. झाडे केशरी झालेली, बागांमध्ये मजुरांची लगबग, रस्त्याच्या कडेला कॅरेटच्या थप्प्या. दुसरा काळ फेब्रुवारीचा. तेव्हा एका बागेत मृगाचे फळ पिकलेले असते आणि शेजारच्या बागेत आंबियाचा पांढरा फुलोरा. त्या फुलांचा वास मोटारीच्या काचेआड कळत नाही, सायकलवर मात्र तो किलोमीटरभर सोबत राहतो. मार्चनंतर या वाटेला जाऊ नये. विदर्भाचे ऊन कुणाची गय करत नाही.

पहिला दिवस: नागपूर ते काटोल, सुमारे ६० किलोमीटर

गोंड राजा बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास नागपूर वसवले. पुढे ते भोसल्यांची राजधानी झाले, आणि त्यांच्याच काळात हे फळ इथल्या राजबागेत आले, असे परंपरेने सांगितले जाते. आज नागपूरच्या नावाने विकले जाणारे बहुतेक फळ मात्र शहरात पिकत नाही. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या तालुक्यांतून ते नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात येते आणि तिथून देशभर जाते. बाजाराचे नाव फळाला चिकटले. २०१४ साली भौगोलिक मानांकनही ‘नागपूर संत्रा’ याच नावाने मिळाले.

पहाटे उजाडताच निघावे, म्हणजे काटोल रोडवरची वाहने वाढण्याआधी शहर मागे पडते. कळमेश्वरला तर्री-पोह्यांचा नाश्ता करावा. हाताशी वेळ असेल तर इथून धापेवाड्याला वळावे. चंद्रभागा नदीच्या काठी विठ्ठलाचे मंदिर आहे आणि विदर्भातले भाविक या गावाला आपली पंढरी मानतात. जवळच अदासा आहे, तिथला गणपती विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. हा फेरा घेतला तर त्या दिवसाच्या अंतरात भर पडते, म्हणून दुपारच्या विश्रांतीचा हिशेब आधी करावा. मुक्काम काटोलला.

दुसरा दिवस: काटोल ते वरूड, सुमारे ५० किलोमीटर

खरा बागांचा प्रदेश इथून पुढे. एखाद्या बागेपाशी थांबून झाडाचे खोड बघावे. जमिनीपासून तीनेक फूट उंचीपर्यंत निळसर-पांढरा लेप दिसेल. ही बोर्डो पेस्ट. मोरचूद आणि चुना कालवून ती करतात आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर खोडाला लावतात, म्हणजे डिंक्या रोग आटोक्यात राहतो. हे नाव फ्रान्समधल्या बोर्डो या वाइनच्या प्रदेशातून आले आहे. तिथल्या मेडॉक भागातले शेतकरी वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्यालगतच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचे पाणी शिंपडत. त्याच वेली केवडा रोगापासून बचावल्याचे प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आले, आणि १८८५ मध्ये त्यांनी हा उपाय जगापुढे मांडला. वाइनच्या मुलखातला तो शोध आज काटोल-वरूडच्या प्रत्येक जाणत्या बागेत वापरात आहे.

दुसरे साम्य कलमाचे. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने युरोपचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, तेव्हा अमेरिकन वेलींच्या खुंटावर युरोपी वाण बांधून तिथली वाइन वाचवली गेली. आपला संत्राही स्वतःच्या मुळावर उभा नसतो. जंभेरीच्या खुंटावर त्याचा डोळा भरतात. वरूड तालुक्यातले शेंदूरजनाघाट अशा कलमांच्या रोपवाटिकांसाठी प्रसिद्ध आहे. रोपवाटिकेत डोळे भरणारे हात पाहायला मिळाले तर तासभर थांबावे.

वरूडच्या अलीकडे, जलालखेड्याजवळ, जाम नदी वर्धेला मिळते. पलीकडे आमनेरच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. इथे पुलावर सायकल टेकवून नदीकडे नीट पाहावे, कारण ही नुसती जिल्ह्याची सीमा नाही. १७ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांशी झालेल्या देवगावच्या तहात दुसऱ्या रघुजी भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. नदीच्या पूर्वेला नागपूरचे राज्य उरले, पश्चिमेचे वऱ्हाड निजामाकडे गेले. नागपूर आणि वऱ्हाड ही दोन नावे आजही आपण वेगळी उच्चारतो, त्याची एक रेघ या पाण्यातून जाते. हा तह कशामुळे झाला, ते वाटेच्या शेवटी कळेल.

तिसरा दिवस: वरूड ते मोर्शी, सुमारे ४० किलोमीटर

अंतर मुद्दाम कमी ठेवले आहे. वरूडला लोक विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात आणि रेल्वेच्या स्थानकाचे नावच ‘वरूड ऑरेंज सिटी’ आहे. सकाळ बागेत घालवावी. मालकाला नमस्कार करून, विचारून आत जावे. इथले बहुतेक शेतकरी मोकळेपणाने बोलतात, आणि बोलू लागले की कष्टाचे हिशेबही समोर येतात.

बाग अनेकदा झाडावरच व्यापाऱ्याला उक्ती विकली जाते. मग फळगळ झाली की सौदा मोडतो किंवा भाव पाडला जातो. बांगलादेश हा या संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक. त्याने आयात शुल्क चढवत नेले आणि इथले भाव कोसळले. आंबिया बहराला उन्हाळाभर पाणी लागते, त्यासाठी विहिरींमागून बोअर खोदले गेले आणि या पट्ट्यात भूजलाचा बेसुमार उपसा झाला. युरोपातल्या वाइनच्या प्रदेशात प्रवासी येतो, शेतकऱ्याच्या घरी राहतो, त्याच्याकडूनच बाटली विकत घेतो, आणि शेतकऱ्याचे उत्पन्न केवळ घाऊक भावावर टांगलेले राहत नाही. आपल्याकडे हा दुवा अजून जुळलेला नाही. महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. बागेत दोन स्वच्छ खोल्या, एक न्हाणीघर आणि साधे जेवण एवढे जरी उभे राहिले, तरी या वाटेवर मुक्कामाची साखळी तयार होईल आणि चार पैसे थेट बागेत येतील.

मोर्शीजवळ सिंभोरा येथे अप्पर वर्धा धरण आहे. त्याच्या जलाशयाला नल-दमयंती सागर म्हणतात. दुपारनंतर दम असेल तर मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या सालबर्डीला जाऊन यावे. डोंगर, नदी आणि गुहेतला महादेव असे ते ठिकाण आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेत मात्र त्या रस्त्याला सायकल नेऊ नये, गर्दी फार असते.

चौथा दिवस: मोर्शी ते अचलपूर, सुमारे ६० किलोमीटर

चांदूर बाजारच्या अलीकडे रिद्धपूर लागते. मराठी माणसाने इथे घाईने जाऊ नये. चक्रधरस्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांचे हे गाव, महानुभावांचे मोठे तीर्थ. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले ते इथल्याच परिसरात. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून तो ओळखला जातो. महदंबेचे धवळेही गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी इथेच रचले गेले. आता इथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. स्थानांच्या ओट्यांपाशी पादत्राणे काढावीत आणि शांतता राखावी.

संध्याकाळी अचलपूर. बहामनी राज्य फुटू लागले तेव्हा १४९० मध्ये फतेउल्ला इमादुल्मुल्काने वऱ्हाडची स्वतंत्र इमादशाही उभी केली, तिचे केंद्र हे शहर. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती जिंकून घेतली. दुल्हा दरवाजा, जुनी तटबंदी आणि शहराबाहेरच्या तलावातला अष्टकोनी हौज कटोरा पाहण्यासाठी दुसऱ्या दिवसाची सकाळ राखून ठेवावी. मुक्काम जोडगाव परतवाड्यात सोयीचा.

ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी पुढे चिखलदऱ्याचा घाट चढावा. अंतर तीसेक किलोमीटरच, पण चढ सलग आहे. वर गाविलगड उभा आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या लढाईत मराठी फौजा हरल्या आणि १५ डिसेंबरला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या सैन्याने हा किल्ला घेतला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धेच्या पुलावर जी रेघ आपण ओलांडली, ती या तटावर ठरली होती. इतिहासाच्या पुस्तकात हे दोन प्रसंग एका परिच्छेदात येतात. सायकलवर त्यांच्यामधला सारा मुलूख पायांखालून जातो.

तयारी

युरोपात सामान पुढच्या मुक्कामी पोहोचवणारी व्यवस्था असते. इथे ती नाही, म्हणून सामानच कमी करावे. मागच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी अडकवलेल्या दोन पिशव्यांत सहा-सात किलो पुरेसे होते. कपड्यांचे दोन जोड, हलके स्वेटर, औषधे, पाऊस-धुळीपासून कागदपत्रे सांभाळणारी पिशवी. सायकल हायब्रिड असावी आणि टायर जाड. रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे असतात, त्यामुळे दोन जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचे साहित्य हवेच. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवावा, कारण तोडणीच्या दिवसांत मालाने भरलेले ट्रक याच रस्त्यांनी जातात.

काटोल, वरूड, मोर्शी आणि परतवाडा येथील लॉजमध्ये आधी फोन करावा आणि सायकल आत ठेवायला जागा आहे का, हे आवर्जून विचारावे. चिखलदऱ्याला एमटीडीसीचे निवासस्थान आहे. रोज सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत निम्म्याहून जास्त अंतर कापावे. परतताना सायकल सुटी करून पिशवीत भरता येत नसेल, तर परतवाड्याहून छोटी मालवाहू गाडी ठरवणे सोपे. चांदूर बाजार, मोर्शी आणि वरूड ही तिन्ही गावे नरखेड–अमरावती रेल्वेमार्गावर आहेत. मध्येच सफर थांबवावी लागली तर हा मार्ग उपयोगी पडतो. ब्रेकव्हॅनमधून सायकल नेण्याची चौकशी मात्र आधी स्थानकावर करावी.

शेवटी एक विनंती. बागेतले फळ न विचारता तोडू नका, आणि विचारल्यावर फुकट मिळाले तरी किलोभर विकत घ्या. ही वाट कुणी सरकारी फलक लावून तयार करणार नाही. चार सायकलस्वार गेले, त्यांनी बागेत मुक्काम मागितला, पुढच्या वर्षी आणखी चार गेले, तर शेतकरी खोली बांधेल. या हिवाळ्यात निघा.

(पुढील आठवड्यात: नागपूर–मनसर–रामटेक–नगरधन, वाकाटकांच्या मुलखातली दोन दिवसांची वाट.)