किहीम : पाण्याने राखलेली शांतता

गेटवे ऑफ इंडियावरून सुटलेली लाँच तासाभरात मांडव्याच्या जेट्टीला लागते आणि तिथून चोंढी नाक्यामार्गे किहीम अर्ध्या तासाच्या आत येते. रस्त्याने निघाले तर पनवेल, पेण, वडखळ असा खाडीला वळसा घालत शंभरएक किलोमीटर जावे लागते. किहीमची शांतता या दोन वाटांमधल्या फरकाने टिकली आहे. किनाऱ्यावरची हॉटेले शांततेच्या नावाने खोल्या देतात, पण ती शांतता त्यांनी निर्माण केलेली नाही. मधल्या पाण्याने ती राखली आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांनी जपली. पाहुण्याने हे ध्यानात घेतले, तर कुठे राहायचे, कधी जायचे आणि तिथे कसे वागायचे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

मुंबईच्या गडबडीपासून दूर जायला या पट्ट्यात येण्याची रीत जुनी आहे. मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत. शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने त्या नोंदी बिघडणार, हे दिसू लागले तेव्हा १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवण्यात आले. तिथली नोंदींची इमारत लोखंड टाळून बांधलेली आहे. पुढे १९३० च्या सुमारास पक्षितज्ज्ञ सलीम अली हाताला नोकरी नसताना किहीमला येऊन राहिले आणि इथल्या सुगरण पक्ष्यांची घरटी दिवसेंदिवस पाहत राहिले. नर एकामागून एक घरटी बांधतो आणि मादी त्यातले पसंत करते, हा त्यांचा अभ्यास याच गावातला. जवळच्या सासवण्यात शिल्पकार नानासाहेब करमरकरांचे घर आणि त्यातले शिल्पसंग्रहालय आहे. एका ठिकाणी थांबून सलग पाहायला लागणारी निवांत जागा या किनाऱ्यावर मिळत होती, असे या उदाहरणांवरून म्हणता येते.

यावर पहिला आक्षेप असा, की सकाळच्या लाँचने जाऊन संध्याकाळी परतता येते, मग मुक्कामाचा खर्च कशाला? याचे उत्तर वेळापत्रकातच आहे. दिवसभराची गर्दी शेवटच्या लाँचबरोबर परतते आणि पहिल्या लाँचनंतर पुन्हा येते. मधले बारा-तेरा तास गावाचे असतात, आणि ते मुक्काम करणाऱ्यालाच मिळतात. समुद्राचेही तसेच आहे. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा होते आणि रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते. त्यामुळे आज दुपारी सुरूच्या बनापर्यंत पाणी आलेले पाहिले, तर ओहोटीची लांबरुंद पुळण पहाटे किंवा संध्याकाळी दिसते. थळच्या समोरचे खांदेरी-उंदेरी हे जलदुर्ग सकाळी वेगळे दिसतात, मावळतीला वेगळे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर बांधकाम काढले, ते इंग्रजांच्या मुंबईवर नजर ठेवायला. मुंबई इथून किती जवळ आहे, ते किनाऱ्यावर उभे राहिले की कळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शांततेचा आग्रह धरणारे पाहुणे गावाला मागास ठेवू पाहतात; मोठी रिसॉर्टे आली तरच रोजगार येईल, असे म्हटले जाते. रोजगाराची गरज खरीच आहे. पण पैसा कोणाच्या हाती पोचतो, हेही पाहायला हवे. वाडीतल्या चार खोल्यांच्या घरगुती मुक्कामात जेवण त्याच घरात शिजते, मासळी कोळणीकडून येते, नारळ मागच्या अंगणातले असतात. मोठ्या आवारात गावकऱ्याच्या वाट्याला बहुधा माळीकाम आणि पहारा येतो. शिवाय किनाऱ्याजवळच्या जमिनीतले गोडे पाणी मर्यादित असते. पोहण्याचे तलाव आणि हिरवळ यांसाठी कूपनलिकांनी ते अतोनात उपसले, की समुद्राचे खारे पाणी आत सरकते, आणि मग शेजारच्या वाडीची विहीर बिघडते. ज्या मातीत भातानंतर भौगोलिक मानांकन मिळालेला पांढरा कांदा आणि वाल पिकतात, तिचा हा प्रश्न आहे. म्हणून हॉटेल निवडताना खोली समुद्राला किती चिकटून आहे, यापेक्षा पाणी कुठून येते आणि रात्री स्पीकर लागतो का, हे आधी विचारावे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्याने बंदी आहे. ती पाळणारे हॉटेल तेच शांत हॉटेल.

ही चौकशी आता अधिक निकडीची झाली आहे, कारण पाण्याचा पहारा सैल होतो आहे. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाड्या थेट मांडव्याला उतरतात. २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि पेणची वाट सोपी झाली. धरमतरच्या खाडीवर रेवस-करंजा पूल झाला, की उरलेला वळसाही संपेल. दवाखान्यासाठी आणि शिक्षणासाठी मुंबई गाठणाऱ्या इथल्या लोकांना हे सारे हवेच आहे, आणि पाहुण्यांच्या विश्रांतीसाठी त्यांची वाट अडवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र आजवर अंतराने जे सांभाळले, ते यापुढे ग्रामपंचायतीच्या परवानग्यांनी, किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनी आणि पाहुण्यांच्या वागण्याने सांभाळावे लागेल. नियम कागदावर पुष्कळ आहेत. अंमलबजावणीचा तगादा लावण्याचे काम गावाइतकेच पाहुण्यांचेही आहे, कारण मागणी त्यांची आहे.

जायचे असेल तर शनिवार-रविवार टाळा. मंगळवार-बुधवारचे किहीम वेगळेच असते. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात आणि समुद्र खवळलेला असतो, तेव्हा पाण्यात उतरू नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. भरतीची वेळ गावकऱ्यांना विचारा, जेवणाचे सकाळीच सांगून ठेवा, आणि मुक्काम निदान दोन रात्रींचा करा.